एकसरच्या शिळा आणि बोरीवलीच्या पाट्या

उपनगराला इतिहास नसतो, असे आपल्या साहित्याने फार काळ गृहीत धरले आहे. गिरगावच्या चाळीला स्मृती असते, गिरणगावाला संघर्ष असतो, फोर्टाला वास्तू असतात. बोरीवली मात्र कथा-कादंबऱ्यांत येते ती बहुधा लोकलच्या कपाळावरचे नाव म्हणून, नाही तर गिरगावातली खोली विकून ब्लॉक घेतलेल्या कुटुंबाचा पत्ता म्हणून. १ फेब्रुवारी १९५७ रोजी महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि बोरीवली 'मुंबई' झाली. तेथूनच तिच्या अस्तित्वाची सुरुवात झाली, असा एक समज मराठी वाचकाच्या मनात नकळत रुजलेला आहे. आम्हीही साहित्य शिकवताना नगरजाणिवेच्या चर्चेत उपनगराला 'स्मृतिहीन अवकाश' म्हणून मोकळे होतो. शब्द भारदस्त आहे, परंतु तो बोरीवलीला लावताना रस्त्याच्या कडेला पाहण्याचे कष्ट कोणी घेतलेले दिसत नाहीत.

रस्त्याच्या कडेला बोरीवलीत बरेच काही लिहिलेले आहे. काही दगडावर, काही पत्र्यावर, काही काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत. त्यांतले काही लेखनच नाही; नुसतीच चित्रे आहेत. हे सारे एका गावाने आपल्याविषयी केलेले कथन आहे असे धरून ते वाचू लागलो, तर कोणती संहिता हाती लागते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. इतिहासकाराची शिस्त आम्ही पाळू, पण वाचकाची सवय सोडणार नाही.

प्रारंभ सर्वांत अधिकृत अशा पाटीपासून करणे सोयीचे. आय. सी. कॉलनीच्या बाजूने मंडपेश्वरच्या लेण्याकडे गेले की भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची निळी पाटी भेटते. महाराष्ट्रात गड-लेणी हिंडलेल्या प्रत्येकाला ती परिचित आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यान्वये हे स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित झाले आहे, त्यास हानी पोहोचविणारा शिक्षेस पात्र ठरेल, असे ती सांगते. मूळ कायद्यात ही शिक्षा तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी होती. २०१० च्या दुरुस्तीने ती दोन वर्षे आणि एक लाख रुपयांपर्यंत गेली. म्हणजे या पाटीच्या मजकुरातही एक इतिहास आहे, पण तो कायद्याचा. लेणे कोणी कोरले, कशासाठी कोरले, पुढे त्याचे काय काय झाले, याला तिच्यात जागा नाही. ही पाटी वाचकाला उद्देशून लिहिलेलीच नाही. ती संभाव्य गुन्हेगाराला उद्देशून लिहिलेली आहे.

आणि मंडपेश्वरला सांगण्यासारखे किती आहे! पूर्वीचे अभ्यासक हे शैव लेणे आठव्या शतकातले मानीत; आता ते सहाव्या शतकाच्या आसपासचे, म्हणजे जोगेश्वरी-घारापुरीच्या परंपरेतले मानण्याकडे कल आहे. १५३४ च्या तहाने वसईसह साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, आणि सोळाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री आंतोनियो द पोर्तो यांनी या लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर केले. वरच्या टेकाडावर मठ आणि विद्यालय उभे राहिले. लेण्यातल्या मूर्तींचे जे झाले ते लक्षात घेण्याजोगे आहे. काही शिल्पे छिन्नीने तासली गेली, एका भिंतीवर मूर्तीच्या जागी मोठा क्रूस कोरला गेला, आणि काहींपुढे दगडचुन्याची भिंत उभारून ती नजरेआड केली गेली. ज्या मूर्तींपुढे भिंत आली त्या भिंतीमुळेच वाचल्या. लेण्यातला नटराज आज जेवढा दिसतो, त्याचे थोडे श्रेय त्याला झाकणाऱ्यांना द्यावे लागेल. १७३९ साली मराठ्यांनी साष्टी व वसई घेतल्यावर लेणे पुन्हा शिवाचे झाले, वरच्या मठाचे अवशेष उरले. आज क्रूसही आहे, नटराजही आहे. पाटी पुसून पुन्हा लिहावी आणि आधीची अक्षरे दिसतच राहावीत, तसे ते दिसते. जवळच्या वसाहतीचे नाव मात्र निष्कलंक गर्भसंभवाच्या चर्चवरून पडले, आणि त्या नावाची इंग्रजी आद्याक्षरेच तेवढी लोकांच्या तोंडी राहिली. 'आय. सी.' म्हणजे काय हे तेथे राहणाऱ्या कित्येकांना विचारून पाहावे.

या फ्रान्सिस्कनांचा मराठीशी आलेला संबंध साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये. अभ्यासक्रमात ख्रिस्ती मराठी वाङ्मय म्हटले की फादर स्टीफन्स आणि १६१६ चे ख्रिस्तपुराण एवढेच येते. ते ज्या साष्टीत घडले ती गोव्याची साष्टी. या उत्तरेच्या साष्टीला, म्हणजे वसई-ठाणे-बोरीवलीच्या मुलखाला, स्वतःचे पुराण आहे. फ्रान्सिस्को व्हाज द गिमारांइश या फ्रान्सिस्कनाचे ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील काव्य १६५९ साली लिस्बनमध्ये रोमी लिपीत छापले गेले, आणि त्याची भाषा ग्रांथिक मराठीपेक्षा या उत्तर कोकणच्या बोलीला कितीतरी जवळची आहे. दोन साष्टींच्या नामसाधर्म्यात एका साष्टीचे वाङ्मय झाकले गेले. या भागातल्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. घरी बोलायची भाषा मराठीची बोलीच राहिली. असो.

आता एकसर. बोरीवली पश्चिमेला, स्थानकाच्या वायव्येस असलेले हे गाव आज इमारतींच्या गर्दीत वेगळे ओळखू येत नाही. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली, एकसरची नोंद आहे : एका मोठ्या तळ्याच्या पश्चिम काठाला आमराई, आणि आमराईत ओळीने उभ्या काळ्या पाषाणाच्या सहा शिळा. त्यांतल्या सर्वांत मोठ्या सुमारे दहा फूट उंच आणि तीन फूट रुंद. सगळ्यांवर आडव्या पट्ट्यांत ठसठशीत कोरीवकाम. हे वीरगळ आहेत. रणात पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले दगड. काही जमिनीवरच्या लढाईत पडलेल्यांचे, काही समुद्रावरच्या. महाराष्ट्रात वीरगळ हजारोंनी आहेत. बैलगाडीच्या वाटेला, देवळाच्या आवारात, विहिरीच्या काठाला ते सापडतात. पण जहाजांची लढाई दाखविणारे, तीही इतक्या तपशिलाने, असे वीरगळ अत्यंत दुर्मिळ. मध्ययुगीन भारतीय जहाजांविषयी लिहिणाऱ्याला आजही एकसरला यावे लागते.

वीरगळ वाचण्याची एक रीत आहे, आणि ती आपल्या पानाच्या रीतीच्या उलट आहे. कथा खालून वर जाते. सर्वांत खालच्या पट्ट्यात लढाई आणि मृत्यू. त्यावर वीराला हात धरून, किंवा विमानात घालून वर नेणाऱ्या अप्सरा. त्याहून वर कैलासात शिवलिंगाची पूजा करीत बसलेला तोच वीर. अगदी माथ्यावर कलश. एकसरच्या एका शिळेवर खालच्या पट्ट्यात उंच नाळेची पाच जहाजे युद्धाला निघाली आहेत, कडेला वल्ह्यांची रांग आहे, वर धनुर्धर उभे आहेत. त्यावरच्या पट्ट्यात जहाजांनी एका जहाजाला घेरले आहे आणि माणसे पाण्यात पडत आहेत. कोरणाराने पडणारे देह मोजके कोरले, पण डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत. त्यानंतर समुद्र संपतो आणि स्वर्ग सुरू होतो. मधली पायरी नाही. वीर मेला हे सांगणारा क्षण दोन पट्ट्यांमधल्या कोऱ्या काठात आहे, आणि आम्हाला तो या शिळांमधला सर्वांत बोलका भाग वाटतो.

गॅझेटियरच्या वर्णनात एक शब्द मात्र अडखळवतो. माथ्यावरच्या कलशाला तेथे अस्थिकलश म्हटले आहे. रुंद कानांचा, फितीच्या गाठी लोंबणारा. व्हिक्टोरियन इंग्लंडच्या दफनभूमीत थडग्यांवर जसे वस्त्र गुंडाळलेले कलश असत तसे काहीतरी त्या वर्णनकाराच्या डोळ्यांपुढे असावे. वीरगळावरचा कलश हा मंदिराच्या शिखरावरचा, मांगल्याचा; तो मृत्यूची खूण नाही, मृत्यू ओलांडल्याची आहे. एवढ्या एका शब्दाने शिळेचा शेवट उलटा होतो. याच नोंदीत शिळांना 'पाळिया' हा गुजरातीतला शब्द वापरला आहे. आपला 'वीरगळ' मूळ कन्नड. 'वीर' आणि 'कल्लु' म्हणजे दगड. म्हणजे मराठी मुलखातल्या या दगडांचे वर्णन आधी इंग्रजीतून, गुजराती नावाने झाले, आणि आज ज्या नावाने आपण ते ओळखतो ते कन्नडमधून आलेले. सरहद्दीवरच्या भाषेचे हेच नशीब असते, आणि वैभवही.

ही लढाई कोणाची? कोण लढले, कोणाशी, कोणत्या वर्षी, हे सांगणारी वाचता येईल अशी एकही ओळ या शिळा आपल्याला देत नाहीत. अशा जागी इतिहासकाराला राजा आठवतो. सर्वाधिक रूढ मत असे की ही उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली लढाई. ठाणे, म्हणजे श्रीस्थानक, हे शिलाहारांचे केंद्र. साष्टी ही त्यांच्या लेखांतली 'षट्षष्टी', सहासष्ट गावांचा प्रदेश. सोमेश्वराचा उरणजवळच्या चांजे येथील लेख शके ११८२ चा, म्हणजे १२६० चा आहे. त्यानंतर काही वर्षांत तो नाहीसा होतो. महादेवाच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने आपल्या ग्रंथात यादवांची जी प्रशस्ती घातली, तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे सांगितले आहे, आणि महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला अशी कल्पनाही लढविली आहे. एक राजा जहाजावर बुडतो, आणि त्याच्याच प्रदेशात जहाजांच्या लढाईचे वीरगळ सापडतात. जुळणी मोहक आहे. १२६५ च्या सुमाराचा हा प्रसंग म्हणून एकसरची कथा आता वृत्तपत्रांतून, सहलींतून, दृक्‌श्राव्य माध्यमांतून सर्रास सांगितली जाते.

परंतु मोतीचंद्र यांनी 'सार्थवाह' (१९५३) या हिंदी ग्रंथात या शिळांचा संबंध माळव्याच्या भोज परमाराच्या कोकणस्वारीशी जोडला होता. भोजाच्या १०२० सालच्या दोन ताम्रपटांत कोकणविजयाच्या निमित्ताने दिलेल्या दानांचा उल्लेख आहे, तेव्हा स्वारी झाली हे निश्चित. १०२० आणि १२६५! दोन मतांत अडीचशे वर्षांचे अंतर. आणि इतकेच दोन उमेदवार आहेत असेही नाही. गोव्याच्या कदंबांचे आरमार प्रसिद्ध. त्यांच्या लेखांत कपर्दिकद्वीपाच्या, म्हणजे याच साष्टी बाजूच्या राजाला मारल्याचा दावा अकराव्या शतकात येतो. बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपालाच्या सैन्याने शिलाहार मल्लिकार्जुनाचा पराभव केला. ठाण्याच्या खाडीपासून गोराईच्या खाडीपर्यंतचा हा किनारा दोन-अडीच शतके लढतच होता. शिळा यांतल्या कोणत्याही लढाईला बसतात. बसविणाराच्या मनात जो राजा असेल त्याला.

सोमेश्वराच्या बाजूने आम्हाला एक अडचण दिसते. दहा फुटी शिळा घडवून घेणे, वाहून आणणे, उभी करणे आणि तिच्यावर आठ-आठ पट्टे कोरवून घेणे हे खर्चाचे आणि सवडीचे काम आहे. ज्याचा राजा बुडाला, राज्य गेले, त्या बाजूच्या योद्ध्यांसाठी हे कोणी केले? उत्तर देता येते : शिळा जिंकणाऱ्या यादव बाजूच्या वीरांच्या असतील. मग प्रश्न असा की देवगिरीहून आलेल्या सैन्याने आपल्या मेलेल्यांची स्मारके परक्या गावच्या तळ्याकाठी ठेवून का जावे? वीरगळ सामान्यतः वीराच्या गावी, त्याच्या नातलगांच्या वाटेवर असतो. त्याचे प्रयोजनच येता-जाता दिसणे हे. म्हणून आमचा कौल असा की एकसरचे हे वीर याच परिसरातले असावेत, त्यांच्या घराण्याकडे पुढेही जमीन आणि मान राहिला असावा, आणि ज्या लढाईत ते पडले तिच्यात त्यांची बाजू पूर्ण नष्ट झालेली नसावी. हे अनुमान आहे. पण ते शिळेच्या जागेवरून काढलेले आहे, प्रशस्तीवरून नव्हे. आणि हेमाद्रीची प्रशस्ती ही शेवटी जेत्याच्या मंत्र्याने रचलेली अलंकारिक रचना आहे, हे साहित्याच्या लोकांना तरी सांगावे लागू नये.

राजाचे नाव मिळाले की वीराचा प्रश्न मिटतो, ही या साऱ्या चर्चेतली खरी गोम. शिळा सोमेश्वराची नाही, भोजाचीही नाही. कोण्या एका माणसाची आहे. त्याला घोडा होता की गलबत, तो कोणाच्या बाजूने लढला, त्याच्यामागे कोण रडले, ते तिला सांगायचे होते, आणि ज्यांना ती सांगत होती त्यांना त्याचे नाव ठाऊकच होते. म्हणून ते कोरायची गरज पडली नसेल. नाव गावाच्या तोंडात होते. ते तोंड बंद झाले, तेव्हा आपण दगडाला राजाचे नाव दिले.

वीरगळाच्या वाचनातला आणखी एक धोका अगदीच व्यवहारातला आहे. उपनगरातला रस्ता प्रत्येक डांबरीकरणात थोडा वर येतो. आवारात लाद्या बसतात, ओटा बांधला जातो, भराव पडतो. खालून वर वाचायच्या शिळेभोवती जमीन चढली की गाडले जाते ते पहिले प्रकरण, म्हणजे जहाजे, लढाई, मृत्यू. दिसत राहतो तो स्वर्ग. मग येणारा-जाणारा त्याला देव समजतो, आणि शेंदूर चढतो. सेट्टर आणि सोन्थायमर यांनी संपादित केलेल्या स्मारकशिळांवरील १९८२ च्या ग्रंथाने हा विषय अभ्यासकांपुढे नीट मांडला. वीराचा देव होणे ही या दगडांच्या आयुष्यातली जुनी, अगदी स्वाभाविक अवस्था आहे. शेंदूर लावणाऱ्यांवर नाक मुरडण्याचे कारण नाही. ठाण्याच्या सदाशिव टेटविलकरांसारख्या अभ्यासकांनी गावोगावचे वीरगळ नोंदविले ते बहुतेक वेळा अशा पुजल्या जाणाऱ्या दगडांपर्यंत पोहोचूनच. पूजा होत राहिली म्हणून दगड राहिला. मंडपेश्वरच्या भिंतीसारखेच हे.

वीरगळाचा एक चुलतभाऊ आहे, आणि मराठीच्या अध्यापकाला तो जास्त जवळचा वाटावा. गद्धेगाळ. शिलाहारांच्या या मुलखात दान दिलेल्या जमिनीच्या कडेला असा दगड उभारीत : वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री यांचे अश्लील चित्र. दान मोडील त्याच्या आईची अशी गत होईल, असा त्याचा अर्थ. यात 'गाळ' म्हणजे शिवी असा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो. वीरगळातला 'गळ' दगड आणि इथला 'गाळ' शिवी, ही गंमत विद्यार्थ्यांना सांगितली की तास जागा होतो. परळला सापडलेला अपरादित्याचा शके ११०८ चा, म्हणजे ११८७ चा लेख प्रसिद्ध आहे. दानाचा तपशील संस्कृतात आहे, पण शिवी देण्याची वेळ आली तेव्हा लेख मराठीवर येतो. अलिबागजवळच्या अक्षीचा, शके ९३४ असा वाचला गेलेला लेख तर मराठीच्या आरंभाच्या चर्चेत पहिला म्हणून येतो, शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या संग्रहाने ही सारी सामग्री एकत्र आणली. तेथेही शिवी आहेच. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात लीळाचरित्र आणि विवेकसिंधू यांच्याआधी गद्याचे जे तुकडे येतात, ते रस्त्याच्या कडेच्या या दगडांवरचे आहेत. आणि त्यांतली भाषा रस्त्यावरच्या माणसाला समजावी म्हणूनच मराठी आहे. राजाला धाक घालायला संस्कृत पुरे होते. शेजारच्या शेतकऱ्याला धाक घालायचा तर आईवरून बोलावे लागे. निळ्या पाटीवरचा एक लाख रुपयांचा दंड त्या मानाने फारच सभ्य.

यापेक्षाही जुनी नावे वाचायची तर टेकडीवर जावे लागते. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेखांत कल्याण, सोपारा, नाशिक येथून आलेले व्यापारी, सोनार, लोहार, भिक्षुणी आपली नावे आणि दाने लिहून गेले आहेत. एका लेखात मंगलठाण गावातल्या शेताचे दान आहे. हे मंगलठाण म्हणजे आपले मागाठाणे. बसच्या पाटीवर वाचून सोडून दिलेले नाव इतके जुने असावे! मागाठाण्याची स्वतःची बौद्ध लेणी मात्र घरांच्या वेढ्यात सापडून झिजली आहेत. नव्वदाव्या लेण्यात तर १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी यात्रेकरूंनी पहलवीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. ऐतिहासिक वास्तूंवर नावे कोरणाऱ्यांना आम्ही नेहमी दूषण देतो. हजार वर्षे टिकले की तेच दूषण शिलालेख होते.

या दातृलेखांचा आजचा वारस शोधायचा तर तो चौकात सापडतो. बोरीवलीत दर दोन-चार रस्त्यांना एक चौक आहे आणि चौकाला एक नामफलक. ज्यांच्या नावाने चौक आहे त्यांचे नाव वर, उद्घाटकाचे मध्ये, आणि ज्या लोकप्रतिनिधीच्या प्रयत्नाने हा फलक लागला त्यांचे नाव खाली, कित्येकदा वरच्यापेक्षा ठळक. कान्हेरीचा दाता जसे आपले, आपल्या बापाचे आणि गावाचे नाव लिहितो तसेच. फरक इतकाच की कान्हेरीच्या दात्याने पाण्याचे टाके खोदून दिलेले असे. ज्याच्या स्मरणार्थ चौक आहे तो माणूस कोण होता, हे मात्र फलक सांगत नाही. कोणी शाळामास्तर असेल, कोणी गावठाणातला पाटील, कोणी गोवामुक्तीच्या सत्याग्रहात गेलेला. वीरगळावर कथा आहे, नाव नाही. चौकावर नाव आहे, कथा नाही. दोन्ही ठिकाणी उभारणाऱ्यांची समजूत एकच असावी की उरलेले गावाला ठाऊक आहे.

स्वामी विवेकानंद मार्ग आधी घोडबंदर रोड होता. जुने नाव रस्ता कोठे जातो ते सांगे. नवे नाव आदर कोणाचा करायचा ते सांगते. दक्षिण मुंबईत सेंट थॉमस कॅथीड्रलपासून अंतर मोजणारे एकोणिसाव्या शतकातले मैलाचे दगड अलीकडे हुडकले गेले, त्यांची डागडुजी झाली, बातम्या आल्या. त्या दगडांना वाटसरूशी फक्त अंतराबद्दल बोलायचे होते. तितके निरपेक्ष बोलणारी पाटी आज आमच्या रस्त्यांवर दुर्मिळ आहे.

गावठाणांच्या तोंडाशी उभे असलेले क्रूस ही आणखी एक लिपी. साष्टीभर ते विखुरलेले आहेत, आणि त्यांतले पुष्कळ १८९६ च्या प्लेगनंतरच्या काळात उभारले गेले. चौथऱ्यावर साल, कधी घराण्याचे नाव, कधी मराठीत एखादी प्रार्थना. प्लेगाने मुंबई कशी रिकामी झाली हे आपण 'केसरी'च्या आणि पुण्याच्या रँडप्रकरणाच्या अंगाने शिकवितो; उपनगरातल्या खेड्यांनी तो कसा सोसला याचे जे साक्षीदार उरले आहेत, ते हे क्रूस. रस्तारुंदीत त्यांना अनेकदा अतिक्रमण म्हणून नोटिसा लागल्या. दगड जागचा हलला नव्हता, रस्ता त्याच्याकडे आला होता.

२ एप्रिल २०२२ रोजी मेट्रोचे दोन नवे मार्ग सुरू झाले आणि बोरीवलीच्या डोक्यावर पाट्यांची एक नवी ओळ उगवली. मंडपेश्वर, एकसर, पहाडी एकसर, कांदरपाडा. पूर्वेला मागाठाणे, देवीपाडा. वसाहतींची, संकुलांची, नगरांची नावे खाली राहिली आणि खांबावर महसुली गावे आणि पाडे चढले. हे कोणी जाणीवपूर्वक केले असेल तर त्याचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. विद्यार्थ्यांना आता सांगता येते की एकसरला उतरा. उतरल्यावर त्या शिळांकडे नेणारी खूण मात्र स्वतःच शोधावी लागेल.

त्या नावांतला 'पाडा' आम्हाला थांबवतो. पाडा वारल्यांचा, कातकऱ्यांचा. त्यांचा ना वीरगळ आहे, ना चौक. पण राष्ट्रीय उद्यानातल्या आणि आरेच्या बाजूच्या पाड्यांजवळ वाघोबा आहे : दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेला वाघ, त्यावर सूर्य आणि चंद्र. गद्धेगाळावर दानाला साक्षी ठेवलेले तेच सूर्य-चंद्र. तोही वाटेच्या कडेलाच असतो, जिथे गावाची हद्द संपते आणि जंगल सुरू होते तिथे. या जंगलात वाघ आता उरला नाही, बिबट्या आहे, आणि वाघोबात तोही येतो. या पाटीवर कायद्याचे कलम नाही, दात्याचे नाव नाही, आणि तिचा विषय भूतकाळही नाही. माणसाने आणि जनावराने कोठवर यायचे याचा तो करार आहे, आणि तो दरवर्षी नव्याने करावा लागतो. अश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, वारली तिथे जातात, नारळ फोडतात, आणि दगडाला ताजा शेंदूर लावतात.